बास्केटबॉलमध्ये उंच प्लेअर डिफेन्समध्ये दर मॅचला उघडा पडतो? त्याला बसवण्याआधी हे तपासून पाहा

तिसरा क्वार्टर संपेपर्यंत आपण आठ-दहाने पुढे असतो, मग समोरचा कोच टाइमआउट घेतो, स्वतःच्या पोट्ट्यांना एवढंच सांगतो की त्या लंब्याला बाहेर ओढा, आणि पुढच्या पाच मिनिटांत आपली लीड एप्रिलमधल्या विहिरीसारखी तळाला जाते. एकदा झालं तर समजू शकतो, पण माझ्या टीमसोबत हे दोन सीझन चालू होतं, यवतमाळला तेच, पुलगावला तेच, अमरावतीला तर पहिल्याच हाफला तेच. कोणाच्या टीमला हाच रोग असेल तर खालचं वाचा, लांब आहे पण मी जे दोन वर्षं चुकीचं केलं ते तुमचं वाचेल.

मी दारव्ह्याकडच्या एका गावात कृषी केंद्र चालवतो आणि संध्याकाळी शटर अर्धं ओढून शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर पोट्टे खेळवतो. कॉलेजात अमरावतीला थोडंफार खेळलो, त्यापलीकडे कोचिंगची डिग्री वगैरे काही नाही, सगळं ठेचकाळत शिकलेलं आहे. आमच्याकडे एक पोट्टा आहे, सहा फूट पाच इंच, सगळे त्याला टावर म्हणतात, घरी आठ एकर कपाशी-तूर, सकाळी ट्रॅक्टर अन् संध्याकाळी बास्केटबॉल. गावातले म्हातारे त्याला दुसरा सतनाम सिंगच समजतात, तो पंजाबचा पोरगा २०१५ मध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या डॅलस टीमने ड्राफ्टमध्ये (नवे प्लेअर निवडतात त्यात) ५२ व्या नंबरवर घेतला होता ना, सात फूट दोन इंचाचा, तेव्हापासून कुठलाही पोट्टा दारातून वाकून आत आला की लोकांना सतनामच दिसतो. तर टावरच्या हातात रिंगखाली बॉल गेला की आमच्या तालुक्यात त्याला अडवणारा कोणी नाही. अडचण सगळी दुसऱ्या बाजूला.

लक्षणं काय

समोरची टीम टावरच्या माणसाला वर बोलावते, त्यांच्या बॉलवाल्या गार्डला स्क्रीन द्यायला, म्हणजे आपल्या गार्डची वाट अंगाने अडवायला. आता टावर बाहेर गेला तर रिंग मोकळी, नाही गेला तर गार्डला मोकळा शॉट. तो अर्धवट जातो, म्हणजे ना इकडचा ना तिकडचा, आणि गार्ड त्याच्या बगलेतून सटकन आत. तीन-चार वेळा असं झालं की टावर घाबरून हात टाकतो, फाऊल, आणि आपल्याकडे पाचव्या फाऊलला घरी जावं लागतं, एनबीएसारखे सहा मिळत नाहीत. चौथ्या क्वार्टरला तो बेंचवर टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला असतो अन् आपण रिबाऊंडला (चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल) रडत असतो.

मी आधी काय काय केलं (हे करू नका)

पहिलं म्हणजे पळवला. डिफेन्स कच्चा आहे ना, मग मार कोर्टला वीस राऊंड. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, संध्याकाळी सहालाही सिमेंटमधून वाफ निघते, त्यात त्याला पळवला, त्याचा दम वाढला हे खरं पण बाजूला सरकायचं ते तसंच राहिलं, कारण सरळ पळणं आणि आडवं सरकणं ही दोन वेगळी कामं आहेत हे माझ्या डोक्यात तेव्हा नव्हतं.

दुसरं, मोबाइलवर मोठ्या टीमांचे व्हिडिओ बघून त्याला हेज करायला शिकवलं. म्हणजे स्क्रीन आली की टावरने उडी मारून गार्डच्या समोर यायचं, दोन पावलं त्याला मागे रेटायचं आणि मग पळत परत आपल्या माणसाकडे. कागदावर मस्त दिसतं.

तिसरं, त्याच्या जोडीला दुसरा मोठा दिला. आमच्याकडे एक पैलवान आहे, अंगाने भक्कम, रिबाऊंडला राक्षस. मला वाटलं एक बाहेर गेला तर दुसरा आत राहील. झालं उलटंच, समोरच्याला एकाच्या जागी दोन गिऱ्हाईकं मिळाली, ज्याच्यावर पाहिजे त्याच्यावर जा.

चौथं, बसवला. त्या मॅचमध्ये रिंगखाली आमचे एवढे रिबाऊंड गेले की मी मोजणं सोडलं.

मग खरी चूक कशी सापडली

गेल्या हिवाळ्यात आमच्याच कोर्टवर मैत्रीची मॅच होती. मी मोबाइल बांबूला सायकलच्या ट्यूबने बांधून एका बाजूला उभा केला होता, व्हिडिओसाठी. टावरचा आजा बघायला आला होता, पंच्याहत्तरीचा माणूस, बास्केटबॉलचा त्याला एक नियम माहीत नाही, पाराच्या कडेला बसल्यासारखा कोर्टच्या कडेला बसला. मॅच संपली, हरलो अर्थातच, तर मला जवळ बोलावून म्हणतो, "भाऊ, तुमी या पोट्ट्याले मचानावरून खाली कायले उतरवता? त्यो रोह्याच्या मांगं पयते, अन् मंग वावर कोन पाहीन?"

ज्यांनी जागल केली नाही त्यांना सांगतो. आमच्याकडे तूर-हरभरा उभा असला की रात्रभर वावरात मचाण बांधून जागल करावी लागते, रोही (नीलगाय) आणि रानडुकरं एका रात्रीत पीक झोपवतात. मचाणावरचा माणूस काय करतो, वरून बॅटरी मारतो, ओरडतो, डबा वाजवतो. तो खाली उतरून एका रोह्याच्या मागे धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, पळाला तर बाकीचा कळप दुसऱ्या बाजूने आत. धुऱ्याचं काम कुंपणाचं आहे, त्याचं नाही.

रात्री घरी जाऊन व्हिडिओ तीन वेळा पाहिला, स्क्रीन लागते तिथे थांबवून थांबवून. वहीत उभ्या रेघा मारत गेलो, प्रत्येक बास्केट कशामुळे बसली. तेव्हा दिसलं की मी ज्याला 'टावरचे पाय स्लो' म्हणत होतो त्यात तीन वेगळ्या चुका गुंतलेल्या होत्या.

एक, हो, पाय स्लो आहेतच. तो उभाच सरळ राहतो, गुडघे वाकत नाहीत, टाचा जमिनीला टेकलेल्या, त्यामुळे पहिलं पाऊल निघायच्या आधी त्याला खाली बसावं लागतं, त्यातच गार्ड निघून जातो.

दोन, तो मुका आहे. स्क्रीन कुठून येते हे आपल्या गार्डला दिसत नाही, त्याची पाठ असते, ते मागून फक्त मोठ्या माणसाला दिसतं. आणि आमचा टावर एक शब्द बोलत नव्हता. गार्ड जाऊन स्क्रीनवर धडकतो, तिथेच अडकतो, आणि मग टावरसमोर दोन माणसं, बॉलवाला अन् रिंगकडे पळणारा. एकाने दोघांना अडवणं सात फुटी माणसालाही जमत नाही. मी त्याला विचारलं की बोलत का नाहीस, तर म्हणतो, "दादा, मले वाटलं त्याले दिसून रायलं." आता काय बोलावं.

तीन, आणि ही माझी चूक, मी त्याला जे काम दिलं होतं तेच चुकीचं होतं. हेज म्हणजे रिंगपासून सात-आठ मीटर बाहेर जाऊन परत यायचं. ज्याचं पहिलं पाऊलच उशिरा निघतं त्याला मी सगळ्यात लांबचं अंतर धावायला लावत होतो.

त्यात एक गंमत अजून. आमच्या शाळेचं कोर्ट कधीकाळी आखलेलं, थ्रीची (तीन पॉईंटची) रेघ ६.२५ मीटरवर आणि पेंट, म्हणजे रिंगखालचा आखलेला भाग, जुना, खाली फाकलेला, बेसलाइनवर सहा मीटर रुंद. फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, २०१० मध्येच रेघ ६.७५ वर नेली आणि पेंट सरळ चौकोनी केला, ४.९ मीटर रुंद, ५.८ लांब. म्हणजे पोट्टा घरी ज्या अंतराची सवय लावतो त्यापेक्षा बाहेरच्या कोर्टवर शूटर अर्धा मीटर लांब उभा. अर्धा मीटर म्हणजे त्याचं एक पाऊल, आणि ते एकच पाऊल दर वेळी कमी पडत होतं. आम्ही टेप घेऊन सगळं नव्याने आखलं, आधी फक्कीने आखलं तर दोन दिवसांत वाऱ्याने उडालं, मग वर्गणी काढून ऑइल पेंट मारला. तुमच्या कोर्टची रेघ आधी मोजा, बाकीचं नंतर.

मोठ्या मैदानावरही हेच भांडण आहे

रूडी गोबेरचं नाव ऐकलं असेल, फ्रान्सचा, एनबीएचा बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेअर चार वेळा, २०१८, २०१९, २०२१ आणि २०२४. आता २०२१ चंच बघा, युटा जॅझ सगळ्या लीगमध्ये सर्वात जास्त मॅच जिंकून प्लेऑफला आलेली, आणि दुसऱ्या राउंडला क्लिपर्सने सेंटर, म्हणजे रिंगखालचा मोठा प्लेअर, काढून पाच शूटर उतरवले, त्यांचा मुख्य प्लेअर कवाय लेनर्ड जखमी असताना. सहाव्या मॅचला युटा २५ ने पुढे होती आणि १३१-११९ हरली, टेरन्स मॅन नावाच्या पोराने ३९ टाकले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी गोबेरच्या नावाने शंख केला की हा प्लेऑफला चालत नाही. पण ती मॅच पुन्हा बघा, बाहेरचे गार्ड एकामागून एक मागे पडत होते, ड्राइव्ह आली की गोबेरला आत मदतीला यावंच लागत होतं आणि त्याने सोडलेला मॅन कॉर्नरला मोकळा. कुंपण तुटलेलं, शिव्या जागल्याला.

मग २०२२ मध्ये मिनेसोटाने त्याच्यासाठी पाच प्लेअर आणि ड्राफ्टच्या पहिल्या राउंडचे चार पिक (निवडीचे हक्क) दिले, तेव्हा लोक हसले. पण २०२३-२४ ला त्याच माणसामागे, म्हणजे त्याच्यापुढे म्हणा, जेडन मॅकडॅनियल्स आणि अँथनी एडवर्ड्ससारखे बॉलवर चिकटणारे पोरं होते, आणि लीगमधला एक नंबर डिफेन्स झाला, टीम वेस्टच्या फायनलला गेली. माणूस तोच, पाय तेच, वय उलट वाढलेलं. त्याच फायनलच्या दुसऱ्या मॅचला शेवटच्या काही सेकंदांत लुका डोन्चिचने त्यालाच वर एकटा गाठून मागे सरकून थ्री टाकला आणि डॅलस १०९-१०८ जिंकली, म्हणजे रोग पूर्ण बरा झाला असंही नाही.

मला त्याहून जास्त कामाचा वाटला तो ब्रूक लोपेझ. हा गडी तरुणपणी नुसता पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, पॉईंट करणारा होता, चपळ तर कधीच नव्हता. २०१८ मध्ये मिल्वॉकीने त्याला अगदी स्वस्तात घेतला, रिंगजवळ उभा केला आणि सांगितलं की तू वर जाऊच नको. दोन वर्षांत दुसऱ्या ऑल-डिफेन्सिव्ह टीममध्ये, २०२१ ला चॅम्पियन. शिवाय तो स्वतः थ्री टाकायचा, त्यामुळे दुसऱ्या बाजूला पेंट मोकळा व्हायचा आणि त्यांच्या स्टार यानिससाठी रस्ता. म्हणजे त्याची किंमत एकट्याच्या पायात नव्हती.

डेन्व्हरचा सेंटर योकिच, त्याचा प्रकार वेगळा. तोही उडी मारणारा नाही, पण डेन्व्हर त्याला बऱ्याचदा वर स्क्रीनपर्यंत आणते, कारण त्याचे हात भारी आणि डोकं त्याहून भारी, पास कुठे जाणार ते त्याला आधी कळतं. मागे आरोन गॉर्डनसारखा माणूस रिकामी जागा भरतो. २०२३ ला असंच चॅम्पियन झाले. (तो पास चक्क पायाने अडवतो, त्यात बॉल समोरच्याकडेच राहतो पण त्यांची मूव्ह मोडते. आमच्या पोट्ट्यांनी नेमकी तेवढीच गोष्ट उचलली, मूर्ख साले.) सांगायचं हे की स्लो सेंटरसाठी एकच औषध नाही, हात चांगले असतील तर एक, उंची चांगली असेल तर दुसरं.

आम्ही काय बदललं

टावरला खाली ठेवला, ड्रॉप म्हणतात ते. स्क्रीन वर लागली तरी तो फ्री थ्रो लाइनच्या एक मोठं पाऊल खालीच. त्याला एकच नियम, बॉलवाला आणि रिंगकडे पळणारा दोघंही तुझ्या पुढे दिसले पाहिजेत, पाठीमागे कोणी गेला की तू चुकला. हात वर, उडी सरळ वरच्या वर, पुढे झुकायचं नाही. सरळ वर गेलेल्या माणसावर कोणी येऊन आदळला तर नियमाने फाऊल डिफेन्सचा नसतो. आमच्याकडचे काही रेफ्री मात्र नुसता धक्क्याचा आवाज ऐकूनच शिट्टी मारतात, एका स्पर्धेत तर टावरला एकाच मिनिटात असे दोन दिले, तेव्हा पहिल्या दोन-तीन पझेशनमध्ये रेफ्रीचा अंदाज घ्या.

ड्रॉपमध्ये आपण काहीतरी सोडतो, हे मान्य करून टाका. सोडतो तो मिडरेंज शॉट, म्हणजे थ्रीच्या रेघेच्या आतून पण रिंगपासून लांबून, पळत पळत थांबून मारलेला. हिशोब सोपा आहे. समजा शंभर लेअपमधले (अगदी रिंगजवळचे शॉट) साठ गेले तर १२० पॉईंट. शंभर थ्रीमधले तेहतीस गेले तर ९९. आणि शंभर मिडरेंजमधले पस्तीस गेले तर ७०. मग समोरच्याला जेवण वाढायचंच आहे तर ७० वालं ताट वाढा. उघड्या कोर्टवर, वारा सुटलेला, रिंग एका बाजूला झुकलेली, अंगावर मागून गार्ड धावून येतोय, अशात पस्तीसही जात नाहीत. मात्र समोर एखादा असा असतो की तो तेवढाच शॉट रोज दोनशे मारतो, असा एक हिंगणघाटकडचा आम्हाला भेटला, त्याने दोन क्वार्टर आमची धुलाई केली, त्याच्यापुरतं टावरला एक पाऊल वर घ्यावंच लागलं.

पण टावर खाली राहणार म्हणजे गार्डचं काम दुप्पट. त्याने स्क्रीनच्या वरून, चिकटून, खांदा घुसवून निघायचं आणि बॉलवाल्याच्या पाठीवर राहायचं, म्हणजे थ्री मारता येत नाही. खालून शॉर्टकट मारला तर ड्रॉपला काहीच अर्थ नाही. म्हणून मी माझा सगळ्यात चांगला शूटर गार्ड टावरसोबत खेळवणं बंद केलं आणि एक काटक पोट्टा आणला जो दहा मॅचमध्ये दहा पॉईंट करतो की नाही माहीत नाही, पण स्क्रीनवर मरत नाही. लोकांनी मला वेड्यात काढलं. शूटरच्या बापाने दुकानात येऊन विचारलं, बियाण्याची उधारी न देता.

बोलण्याचं काम सगळ्यात जड गेलं. दोनच शब्द ठेवले, "डावा" अन् "उजवा", स्क्रीन ज्या बाजूने येते ती. आठवडाभर प्रॅक्टिसला बॉलच दिला नाही, टावर नुसता मागे उभा राहून ओरडणार आणि गार्ड त्याप्रमाणे निघणार. नाही ओरडला तर गार्डला नाही, टावरलाच दहा दंड (पुशअप). पाचव्या दिवशी तोंड उघडलं.

आणि पाय? तेही केलं, पण थोडंच. पेंटच्या दोन्ही कडांना एकेक वीट ठेवली, ४.९ मीटर, आणि गुडघे वाकवून आडवं सरकत जायचं, पाय एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत, डोकं एका उंचीवर. डोक्याची उंची बघायला मी दोन खांबांना गाईचं दावं बांधलं होतं, डोकं लागलं की पुन्हा पहिल्यापासून. त्याने तो चपळ झाला नाही, पण पहिलं पाऊल थोडं लवकर निघायला लागलं. बावीस वर्षांच्या पोट्ट्याचे पाय आपण नवे करू शकत नाही.

सोबतचे चार कोण

हाच माझ्या मते खरा मुद्दा आहे आणि यावर लोक सगळ्यात कमी बोलतात. मी आधी वहीत प्रत्येक पोट्ट्याच्या नावापुढे लिहायचो, हा खेळत असताना टीम किती पुढे किती मागे. त्यात टावर सरळ तोट्यात दिसायचा, आणि मला वाटायचं झालं, याला सोडून द्यावं. मग मी जोड्या लिहायला लागलो. टावर अन् पैलवान एकत्र असतात तेव्हा काय, टावर अन् काटक्या गार्ड एकत्र तेव्हा काय. चित्रच बदललं. पैलवानासोबत आम्ही लीड घालवतो, काटक्यासोबत राखतो, आणि पैलवान टावरशिवाय खेळला तरी बरा चालतो. मग वाद कशाला, एक बसला की दुसरा उठेल, दोघं एकत्र फक्त समोर दोन जाडे असतील तेव्हाच. चार-पाच मॅचच्या रेघांवर मोठा निष्कर्ष काढू नका, एका मॅचला समोरचे शॉट गेले नाहीत तरी वहीत आपला डिफेन्स भारी दिसतो, पण व्हिडिओसोबत जुळवून पाहिलं तर अंदाज येतो.

मला सोबत लागतात ते असे, एक स्क्रीनवर न मरणारा गार्ड, एक लांब हाताचा चपळ पोट्टा जो दुसऱ्या बाजूने आत येऊन रोल करणाऱ्याला, म्हणजे स्क्रीन देऊन रिंगकडे पळणाऱ्याला, धक्का देऊन परत आपल्या माणसाकडे पोचेल, आणि बाकी दोघांपैकी निदान एकाला थ्री टाकता आला पाहिजे, नाहीतर आपल्या ॲटॅकला टावरभोवती चार माणसं गोळा होतात. आणि टावरला बॉल द्या रे बाबांनो. समोरच्याने छोटा लाइनअप उतरवला तर त्याच्यावर साडेपाच फुटाचा माणूस असतो, तेव्हा आमचे गार्ड स्वतः हिरो व्हायला जातात. डिफेन्सला आपण त्याच्यासाठी जे सोडतो ते इकडे वसूलच झालं नाही तर तो खरंच तोट्याचा सौदा.

एवढं करूनही नाही जमलं तर

टावर ज्याला धरतो तो माणूसच थ्री टाकणारा असेल, स्क्रीन देऊन आत न जाता बाहेर सरकणारा, तर ड्रॉप मेला. तेव्हा टावरला समोरच्या सगळ्यात कच्च्या शूटरवर टाका, तो गार्ड असला तरी चालेल, आणि चपळ पोट्ट्याला त्यांच्या मोठ्यावर. उंचीला उंची लावायलाच पाहिजे असा कुठे नियम नाही.

पाचही जण टाकणारे असतील तर दोन-तीन झोन (दोघं पुढे, तिघं मागे, माणूस न धरता जागा राखायची), टावर मधोमध. एनबीएमध्ये डिफेन्सचा माणूस कोणाला न धरता पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही, फिबाच्या नियमात डिफेन्सवर तशी बंदी नाही, म्हणजे आपल्याकडे तो दिवसभर मचाणावर बसू शकतो. फक्त आपल्या बऱ्याच स्पर्धांत २४ सेकंदांचं घड्याळच (तेवढ्यात शॉट मारावा लागतो) नसतं, टेबलवरचा कोणीतरी मनात मोजतो किंवा मोजतच नाही. अशा ठिकाणी आपण मागे असताना झोन लावला की समोरचे बाहेर निवांत पासिंग करत बसतात. मागे असाल तर झोन विसरा, मॅन टू मॅन.

शेवटच्या दोन मिनिटांत सरळ अदलाबदल करा, डिफेन्सला चपळ, ॲटॅकला टावर. बॉल डेड झाला, शिट्टी वाजली की सब (बदली प्लेअर) मिळतो, आणि चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत आपल्यावर बास्केट झाली तरी घड्याळ थांबतं अन् आपल्याला सब घेता येतो. हा नियम आमच्याकडे टेबलवर बसणाऱ्यांनाही पाठ नसतो, शांतपणे दाखवून द्या. पहिल्यांदा टावर रागावला, मला बाहेर काढलं म्हणून दोन दिवस प्रॅक्टिसला आला नाही, मग त्याच्या वावरात जाऊन धुऱ्यावर बसून त्याला वही दाखवली. जोड्यांचं पान. बराच वेळ बघत बसला अन् म्हणाला, "म्हंजे मी पैलवानासंगच खराब हाव." हो, तसंच.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, कॉर्नर. ड्रॉपमध्ये चपळ पोट्टा आत धक्का द्यायला आला की त्याचा माणूस कॉर्नरला मोकळा, आणि कॉर्नरचा थ्री बाजूच्या रेघेमुळे थोडा जवळही असतो, ६.६० मीटरचा. म्हणून मॅचच्या आधी ठरवावं लागतं की त्यांच्यातला कोणाला सोडायचं. नागपूरकडच्या एका टीमसोबत आम्ही एका डावखुऱ्याला सोडायचं ठरवलं, दिसायला बारीक, शर्ट पँटमध्ये कोंबलेला, मला वाटलं हा काय टाकणार, त्याने एकाच हाफला चार टाकले. आता वॉर्मअपच्या वेळी माझा दहा वर्षांचा पुतण्या वही घेऊन त्यांच्या रिंगखाली जाऊन बसतो, कोणाचे कॉर्नरवरून किती जातात त्याच्या रेघा मारतो, आणि मधूनमधून त्यांचा बॉल उचलून देतो, म्हणून त्याला कोणी हाकलत नाही.